मधला माइक

१

ढोलकी आली, पेटी आली, कोरसच्या बायकाही टाळ्या वाजवत आल्या. देवाजी मात्र आले नाहीत.

आम्ही सदर भागातल्या संजीव रामटेकेच्या स्टुडिओत सतरंजीवर बसलो होतो. स्टुडिओ म्हणजे काय, तर दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, भिंतींना गाद्यांचा फोम चिकटवलेला, आणि खाली संजीवचंच झेरॉक्सचं दुकान. समोरच्या टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या आणि मोगरा. त्रिशरण-पंचशील झालं होतं. गाणं नीट ऐकू यावं म्हणून संजीवच्या बायकोने, रोशनीने, कूलर बंद केला होता आणि एप्रिलातलं नागपूर आमच्या पाठीवरून ओघळत होतं.

देवाजी गजभिये दिवसा मिलमध्ये काम करायचे आणि रात्री वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं गायचे. जन्मात एकच कॅसेट भरली, आठ गाण्यांची. ती बाजारात यायच्या आधीच कंपनी बुडाली, आणि थोड्याच दिवसांत काविळीने देवाजी गेले. त्यांची मुलगी प्रणाली तेव्हा रांगत होती. आज ती कळमेश्वरला शाळेत शिकवते आणि तिला बापाचा चेहरा फोटोतून माहीत आहे. आवाज माहीत नाही. आई सिंधूताई सांगायची, "तुह्या बापानं तान घेतली का पाखरं उडून जात." पण पाखरं उडाल्याचं ऐकून आवाज कळत नाही.

ती एकुलती एक कॅसेट इतकी वर्षं पेटीवाल्या प्रेमानंद डोंगरेकडे पडून होती. या वर्षी प्रणाली स्वतः बुटीबोरीला त्यांच्या घरी गेली आणि ती मागितली. काल त्यांनी ती इथे आणून दिली आणि संजीवने कॉम्प्युटरमध्ये उतरवली. आज ऐकायचा दिवस होता.

पहिलं कडवं कोरं गेलं. ढोलकी घुमत होती, पेटी तिच्यामागून धावत होती, बायका पालुपद म्हणत होत्या, आणि जिथे देवाजींनी गायचं तिथे नुसती पोकळी. अगदी कान दिला तर भिंतीपलीकडून कुणी गुणगुणल्यासारखं काहीतरी लागायचं आणि विरून जायचं. दुसरं गाणंही तसंच. तिसरंही.

सिंधूताई उठून उभी राहिली. "संजीव, माह्या माणसाचा आवाज कुठी आहे?"

"काकू, काल होता." संजीवचा चेहरा मेणबत्तीसारखा पांढरा पडला होता. "शपथ घेऊन सांगतो. मी उतरवताना पूर्ण ऐकला."

"मंग कॅसेट लाव."

संजीवने टेबलाच्या खणातून एक पिशवी काढली. आत तपकिरी फितीचा गुंता होता, चुरगळलेला, जागोजागी तुटलेला. काल उतरवताना जुनी फीत इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फिरली, तिच्यावरचा आवाज धरणारा मसाला खपल्या-खपल्यांनी सुटला, आणि शेवटचं गाणं संपता संपता टेपने ती गिळली. आता ती पुन्हा कधी वाजणार नव्हती.

प्रणालीने ती पिशवी हातात घेतली आणि मांडीवर ठेवली. रडली नाही. मला तर ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

२

"मी पोलिसात चालली," सिंधूताईने जाहीर केलं. "हा काल होता म्हणते, आज नाही म्हणते. आवाज काय घरातून पळून जाते का?"

"सिंधू, खाली बस," मी म्हटलं. "पोलिसाले काय लिहून देशील? आवाज हरवला, रंग सावळा, उंची मध्यम? मले सांजपर्यंत वेळ दे."

माझं नाव कौसल्या मेश्राम. सिंधूची शेजारीण. टेलिफोन खात्याच्या तक्रार खिडकीवर आयुष्य काढून मी निवृत्त झाले. तिथे एक गोष्ट शिकले. तक्रार करणारा माणूस काय झालं ते क्वचित सांगतो. तो कोणावर राग आहे ते सांगतो. "शेजाऱ्याने माझी लाइन कापली" असं ओरडत येणाऱ्यांपैकी निम्म्यांची लाइन उंदराने कुरतडलेली असायची. पण उंदरावर रागवून मन भरत नाही ना! शेजारी हवा असतो.

संजीवने लगेच पेनड्राइव्ह पुढे केला. "काकू, हे घरी घेऊन जा, तुमच्या माणसाकडून तपासून घ्या." सिंधूने तो हात झटकला. "बिना जिवाचं गाणं घरी नेऊन काय करू? ठेव तुह्यापाशी."

मी संजीवला जिन्यात घेतलं. जिन्याच्या दारावर त्याचीच पाटी होती: कोणत्याही गाण्याचा कराओके ट्रॅक करून मिळेल. इतकी वर्षं मी त्या पाटीखालून झेरॉक्स काढायला जात होते, पण ती नीट वाचली आजच.

"कराओके म्हणजे गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा आणि नुसतं वाजवणं ठेवायचं. बरोबर?"

त्याने मान खाली घातली. "हाव मावशी."

"म्हणजे तुले आवाज पुसता येते."

"येते. पण मी नाही पुसला. कायले पुसीन?"

कायले, ते सिंधूने मघाशीच ओरडून सांगितलं होतं. एप्रिलात गावोगाव जयंतीचे कार्यक्रम असतात, नव्या गायकांना तयार साथ हवी असते. देवाजींच्या पार्टीचं वाजवणं विकायला चांगलं.

"कसा काढतो तू आवाज? मले समजेल असं सांग."

"मी नाही, सॉफ्टवेअर काढते. स्टिरिओ गाण्यात दोन बाजू राहतात, डावी न् उजवी. वाजवणारे इकडे-तिकडे वाटले राहतात. गाणारा मधात, म्हणजे दोन्हीकडे सारखाच. सॉफ्टवेअर एका बाजूतून दुसरी वजा करते. जे दोन्हीकडे सारखं, ते कटून जाते."

"आणि काल उतरवलेली फाइल तू उघडून बदलली नाही?"

"हातच नाही लावला. मावशी, माह्या बापाच्या लग्नात देवाजी गायले होते. त्यायचा आवाज पुसीन मी?"

डोळ्यांत पाणी होतं. पण तक्रार खिडकीवर मी पाणावलेले खूप डोळे पाहिले आहेत, त्यातले सगळेच खरे नसायचे. मी परत वर गेले, तर इतका वेळ मागे बसलेले पेटीवाले प्रेमानंद डोंगरे दारात उभे होते आणि सिंधू त्यांच्याकडे बोट दाखवत होती.

"यालेच विचार वं कौसल्या! यानं साऱ्या वस्तीसमोर म्हटलं होतं, देवाजी, तुहा आवाज मी एक दिवस बंद करीन!"

३

प्रेमानंदभाऊ नाकारतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हटलं होतं."

सडसडीत म्हातारा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. कारखान्यातून निवृत्त झालेले. ते सतरंजीच्या कडेला बसले आणि बोलताना सारखी स्वतःची बोटं चोळत राहिले.

"देवाजी गायले लागला का कोणाचंच चालू देत नव्हता. माही पेटी दाबून टाके. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी भांडलो. रागात बोलून गेलो. मंग तो बिमार पडला, दवाखान्यात गेला, आणि गेलाच. मी म्हटलं ते असं खरं झालं. कॅसेट माह्यापाशी होती, पण लावायची हिंमत झाली नाही. सिंधूवहिनीले देऊन टाकायची हिंमतही झाली नाही. वहिनी विचारील, इतके दिवस काहून ठेवली?"

"काल तुमी इथं आलते?" मी विचारलं.

"कॅसेट द्यायले आलो होतो. संजीवनं टेपमध्ये घालताना पाहिलं आणि निघालो."

"तुमच्यादेखत आवाज आला?"

"नाही. सुरू व्हायच्या आधीच गेलो." मग खाली बघत, "ऐकवलं नसतं मले."

सिंधू म्हणाली, "पाहिलं? चोराच्या मनात चांदणं!"

मला तसं वाटलं नाही. ज्या माणसाला आवाज ऐकवत नाही, तो तो पुसायला बसेल कसा? पुसायलाही आधी ऐकावा लागतो. पण हा नुसता तर्क. तर्कावर सिंधूचं समाधान झालं नसतं आणि प्रणालीच्या मांडीवरची पिशवी हलली नसती.

ढोलकीवाले रुपराव मात्र एवढ्या गोंधळात शांत बसले होते. कानांनी जरा अधू, त्यामुळे भांडणातलं अर्धंच त्यांच्यापर्यंत पोचत होतं. त्यांनी माझा पदर ओढला.

"कौसल्याबाई, एक सांगू का? देवाजी पूर्ण नाही गेला. दुसऱ्या गाण्यात आहे तो. मले हाक मारून राहिला."

४

संजीवने दुसरं गाणं पुन्हा लावलं. रुपरावांनी कान स्पीकरच्या डब्याला लावला आणि हात वर केला. "इथं."

बायकांचं पालुपद चालू होतं. त्याच्या खाली, अगदी स्पष्ट, माणसाचा बोलण्याचा आवाज आला: "हळू वाजव गा रुपराव. पेटी ऐकू येऊ दे."

एवढंच. पुढे पुन्हा पोकळी. पण सिंधूच्या तोंडून "माय वं" निघालं, आणि प्रेमानंदभाऊ बोटं चोळायचे थांबले.

"हे मले तेव्हा ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले. "मी तर समजलो..." त्यांनी चष्मा काढून पुसला.

प्रणाली पुढे सरकली होती. "मावशी, हा बाबाचा आवाज?"

"हाव बाई. पण हा बोलायचा आहे. गायचा अजून सापडायचा आहे."

माझ्या डोक्यात तेव्हा एकच प्रश्न होता. ज्याने गाण्यातला आवाज इतका सफाईने पुसला, त्याने हे वाक्य कसं ठेवलं? चोर घर धुऊन नेतो आणि चांदीचं ताट मधोमध ठेवून जातो, असं होत नाही. म्हणजे पुसणाऱ्याला आवाज देवाजींचा आहे की कोणाचा, याच्याशी काही देणंघेणंच नव्हतं. माणूस आवाज ओळखून पुसतो. हे पुसणं आंधळं होतं.

"रुपरावभाऊ," मी मोठ्याने विचारलं, "रेकॉर्डिंगच्या दिवशी कोण कुठी बसलं होतं?"

"जसं नेहमी बसतो तसंच. पार्टीचा नेमच आहे. देवाजी मधात. मी डाव्या हाताले, पेटी उजव्या हाताले, कोरसवाल्या बाया पेटीमागं. मधातला माइक गायकाचा, त्याले कोणी हात लावायचा नाही. माह्यापुढं एक, पेटीपुढं एक. रेकॉर्डिंगवालाही तसंच म्हणाला, माइक जसे मांडले तसेच कॅसेटमध्ये जातीन."

"आणि हे वाक्य बोलला तेव्हा?"

"माह्याकडं वाकला न्! मधातला माइक सोडून माह्या माइकवर आला."

मी संजीवकडे बघितलं. संजीव माझ्याकडे बघत होता. तोही हिशेब करत होता, हे मला दिसलं.

"मधातलं गेलं, बाजूचं राहिलं," मी म्हटलं. "तुह्या सॉफ्टवेअरसारखंच."

"हाव. पण मावशी, मी सॉफ्टवेअर चालवलंच नाही!"

"मंग सॉफ्टवेअरशिवाय असं कोण करू शकते?"

सिंधू पुटपुटली, "हाच करू शकते, आणखी कोण." खिडकीबाहेर उन्हं अजून तापत होती, पण माझी मुदत संपत आली होती.

तेवढ्यात रोशनी सरबताचे ग्लास घेऊन आली आणि टेबलाला वळसा घालताना कॉम्प्युटरच्या डब्याला तिचा पाय लागला. "रोज या जागी नसते ना," ती ओशाळून म्हणाली. "आजच हलवला."

"कायले हलवला?" मी ग्लास हातातच ठेवून विचारलं.

५

"तथागतांचं टेबल मधोमध पाहिजे ना, मावशी," रोशनी म्हणाली. "कॉम्प्युटर तिथंच राहे. सकाळी मी तो भिंतीले सरकवला, पाठ भिंतीकडं करून. मंग स्पीकरची वायर मागं पोचेना. समोर तेवढंच छिद्र आहे, तिथं लावली. आवाज आला का पाहिलं, दोन्ही डब्यांतून टिंग वाजलं. का बरं, काही चुकलं का?"

"काल तू कशातून ऐकलं?" मी संजीवला विचारलं.

"मागून. मागं कार्ड आहे माझं." आणि तो डबा ओढून दाखवू लागला. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला पट्टीपट्टीच्या खाचा असतात. आत मुख्य पाटीवर लांबट फटी असतात, त्यात हव्या त्या कामाचं कार्ड खोचायचं आणि त्याची तोंडं या खाचांतून बाहेर काढायची. संजीवने आवाजाचं चांगलं कार्ड विकत घेऊन बसवलं होतं. निळ्या तोंडातून टेपचा आवाज आत घ्यायचा, हिरव्यातून बाहेर ऐकायचा. समोरचं छिद्र मात्र कंपनीतून आलेलं, डब्याच्या आतून एका बारीक वायरने जोडलेलं.

"आणि समोरच्यात कोण काय लावते?"

"कराओकेच्या प्रॅक्टिसवाले. हेडफोन लावतात, उठताना हिसका मारतात. पण मावशी, ते खराब असतं तर आवाजच आला नसता. ढोलकी कशी खणखणीत येते!"

हीच ती समजूत. टेलिफोनच्या वेळीही लोक असंच म्हणायचे. लाइन म्हणजे नळ, पाणी एकतर येईल नाहीतर नाही. अर्धं बिघडणं लोकांच्या गणतीतच नसतं.

"स्पीकरच्या वायरच्या पिनेवर दोन काळ्या रेघा आहेत," मी म्हटलं. "त्यांनी तिचे तीन भाग होतात. कशाले?"

"टोक डाव्या बाजूचं, मधलं उजव्या बाजूचं. आणि शेवटचं दोघांचं मिळून, परतीचं..." संजीव बोलता बोलता थांबला.

"संजीव, सिनेमातलं कोणतंही स्टिरिओ गाणं लाव. बाजारातलं. जे इथल्या कोणीच पुसलं नसेल असं."

त्याने लावलं. साऱ्या देशाला पाठ असलेलं गाणं. व्हायोलिनं आली, तबला आला, बासरी आली. गायिका आली नाही. तिची जागा कोरी गेली, देवाजींची गेली तशीच.

मी सिंधूकडे वळले. "हा आवाजही प्रेमानंदभाऊंनी पुसला का वं? का संजीवनं विकला?"

मग मी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. रस्सीखेच खेळताना दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लागला तर दोर जागचा हलत नाही. पिनेचा तिसरा भाग धड टेकलेला असला तर डावा आपला वेगळा बोलतो, उजवा आपला वेगळा बोलतो. पण हिसके बसून समोरच्या छिद्रात त्या तिसऱ्याचा संबंध तुटला की दोघे एकमेकांनाच ओढायला लागतात. ढोलकी एकाच बाजूला, तिला ओढणारं समोर कुणी नाही, म्हणून ती ऐकू येते. पेटीही तशीच. मधोमध उभा राहिलेला गायक मात्र दोन्हीकडे सारखा असतो. दोन्हीकडून सारखाच ओढला जातो आणि कटतो. जो सगळ्यांच्या मधात होता, तोच आधी गेला. पुसलं कुणीच नव्हतं. फक्त ऐकण्याची जागा चुकली होती.

"म्हणजे फाइलमध्ये..." प्रणालीने विचारलं.

"असायले पाहिजे," मी म्हटलं. असायला पाहिजे आणि आहे, यात किती अंतर असतं ते मला पक्कं माहीत आहे.

रोशनीने टेबलाचं एक टोक धरलं, प्रेमानंदभाऊंनी दुसरं. मूर्ती, मेणबत्त्या सांभाळत त्यांनी ते सावकाश बाजूला सरकवलं. संजीवने डबा फिरवला, समोरची पिन उपटली आणि मागच्या हिरव्या तोंडात खोचली. पहिल्या गाण्यावर बोट ठेवलं, आणि दाबायच्या आधी प्रणालीकडे बघितलं. तिने मान हलवली.

ढोलकी आली. पेटी आली. आणि मग देवाजी आले.

पाखरं उडवणारा आवाज नव्हता तो. थोडा अनुनासिक, कामाहून दमून आल्यावरही गायला बसलेल्या माणसाचा, वरच्या सुराला जरासा चिरकणारा. चिरकला की त्याला स्वतःलाच हसू येत असावं, कारण पुढचा शब्द हसत येत होता. सिंधूताईचा हात आपोआप डोक्यावर गेला आणि तिने पदर पुढे ओढून घेतला. सकाळपासून सगळ्यांना चोर ठरवणारी ती बाई आता नव्या नवरीसारखी मान खाली घालून बसली होती. प्रेमानंदभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते. रुपरावांची बोटं गुडघ्यावर ढोलकीचा ठेका धरत होती.

प्रणाली डोळे मिटून ऐकत होती. ओठ हलत होते. शब्द तिला पाठ होते, वस्तीतल्या सगळ्याच पोरांना असतात. पण ती गात नव्हती, कुणाच्या तरी मागून चालल्यासारखी होती. गाणं संपलं. दुसऱ्याची ढोलकी सुरू झाली.

"दादा, बंद करा," ती म्हणाली.

संजीव दचकला. "काहून? काही चुकलं का?"

"नाही. अजून सात राहिले ना?" तिने पदराने चेहरा पुसला. गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "राहू द्या. साराच आज ऐकून टाकला, तर उद्या बाबाले माह्यासंग बोलाले काय उरन?"

संजीवने गाणं थांबवलं.